बिनलेबलाचा नंबर

मंगळवार, ४ मार्च

टिल्लू,

रविवारी चर्चमध्ये स्पीकरवरून जो आवाज आला तो तुझा होता. नाही म्हणू नकोस. ज्याच्याकडून मी सतरा-अठरा-एकोणीसचे पाढे घोटून घेतले, त्याचा आवाज मला अकरा वर्षांनीही ओळखू येतो. आधी एका लहान मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही का रडताय?" मग तू म्हणालास, "शूऽऽ, ऐकू दे." पाळकसाहेब प्रार्थनेच्या मधोमध थांबले. दोनशे माणसांनी माना वर करून छताजवळच्या स्पीकरकडे पाहिलं. पप्पा समोर शवपेटीत होते आणि मी मागे, त्यांच्या साउंड डेस्कशी, भलत्याच बटणावर बोट ठेवून उभी होते.

तुला मुलगी आहे! मला भाची आहे, आणि ते मला असं कळावं!

चूक माझीच. पप्पांची ती फोनची लाइन तुला आठवत असणारच, नाहीतर तू नंबर लावला नसतास. त्यांच्या टेलिफोन खात्याने मोडीत काढलेली यंत्रं घरी आणून त्यांनी ती जोडली तेव्हा स्क्रू धरायला तूच होतास. ज्यांना घराबाहेर पडवत नाही त्यांनी नंबर फिरवायचा आणि पलंगावर पडल्या पडल्या उपासना ऐकायची. तेव्हा सात जण ऐकायचे, आता एकोणीस. ऐकणाऱ्यांचे खोकले आणि भांडी चर्चमध्ये ऐकू येऊ नयेत म्हणून एक बटण कायम बंद ठेवायचं असतं. त्याच्या शेजारचं बटण पाळकसाहेबांच्या माइकचं. दोन्ही दिसायला सारखी. मिठाच्या बरणीलासुद्धा लेबल लावणाऱ्या आपल्या बापाने नेमकी ती दोन बटणं कोरी ठेवली होती, कारण त्यांच्या अंगठ्याला ती पाठ होती. ते दवाखान्यात होते तो महिनाभर मी बरोबर दाबलं. रविवारी माझे डोळे समोरच्या शवपेटीवर होते.

ते गुरुवारी दुपारी गेले. फुप्फुसांनी हात टेकले. मी जवळ होते, आणि त्रास फार झाला नाही. तुला कळवलं नाही असं मनात आणू नकोस, माझ्याकडे तुझा नंबर नव्हता. खरं म्हणजे सहा वर्षं तो पडद्यावर दिसत होता, पण कुणाचा ते मला ठाऊक नव्हतं. तू नेहमीसारखा रविवारचा फोन लावलास आणि पाळकसाहेबांच्या तोंडून ते ऐकलंस. कसं झालं असेल तुला, मला कल्पनाही करवत नाही.

पडद्यावर कोण कोण ऐकतंय याची यादी दिसते. पप्पा तिथे नावं घालत नसत, खुणा घालत. निवृत्त मुख्याध्यापिकाबाई म्हणजे "गुडघे". फोनमागे कायम म्याँव चाललेलं असतं ते "मांजर". एक "शिलाई मशीन" आहे, एक "खोकला". दुसरं गीत संपेपर्यंत एखादी खूण उजळली नाही की त्या दुपारी पप्पा त्या घराची बेल वाजवायचे. "शिलाई मशीन" न्हाणीघरात पडला होता तेव्हा त्यांनीच दार फोडलं. खालच्या टोकाला एकच नंबर बिनलेबलाचा होता. मी विचारलं होतं, "पप्पा, हा कोण?" तर म्हणाले, "असेल कुणी. ऐकतोय ना? ऐकू दे."

रविवारी ती यादी जवळजवळ रिकामी होती. ज्यांना जिना उतरवत नाही ती सगळी माणसं चर्चमध्ये आली होती. मुख्याध्यापिकाबाईंना दोघांनी खुर्चीसकट उचलून आणलं आणि त्या खुर्चीतूनच सगळ्यांना सांगत होत्या, "मी गुडघे. हिच्या पप्पांच्या यादीतली पहिली." "खोकला" येऊन मनसोक्त खोकला. पडद्यावर फक्त एक नंबर उजळलेला होता, खालचा. म्हणून आवाज आला तेव्हा मला विचार करावा लागला नाही.

पत्ता तुझ्या त्या चष्मेवाल्या मित्राला छळून मिळवला, त्याला रागवू नकोस. फोन करत नाही कारण तू ठेवून देशील. पत्र ठेवून दिलंस तरी ते पुन्हा उघडता येतं.

पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी स्मरण-उपासना आहे. पप्पांचं चरित्र दोन पानांत लिहून दे, असं पाळकसाहेबांनी मला सांगितलंय. मी गणिताची मास्तरीण, दोन पानं भरताना नाकी नऊ येणार. तुला जे आठवेल ते चार ओळींत कळव.

तुझी ताई


रविवार, ९ मार्च

टिल्लू,

आज दहा छत्तीसला तुझा नंबर उजळला. माझा जीव भांड्यात पडला. बटणं मी तीन वेळा तपासली होती आणि आता त्यांना लेबलं लावली आहेत.

चरित्र लिहायला बसले की भलतंच आठवतं. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची, तू चार. माझी वेणी घालायला कुणी नव्हतं. पप्पांनी ऑफिसातून तीन रंगांच्या केबलचे तुकडे आणले, खुर्चीच्या पाठीला बांधून चार दिवस सराव केला आणि पाचव्या दिवशी माझी वेणी घातली. इतकी घट्ट की माझ्या भुवया वर चढल्या होत्या. टोकाला रिबन नव्हती, म्हणून वायर आवळायची काळी पट्टी. शाळेत मुली हसल्या. मी घरी येऊन सांगितलं तर ते गंभीरपणे म्हणाले, "पण सुटली का?" सुटली नव्हती. शेवटी ती पट्टी पकडीने कापावी लागली.

आणि जिना. ते ऑफिसातून आले की लगेच वर यायचे नाहीत, खालच्या पायरीवर बसून राहायचे, हे तुला माहीत होतं का? मला वाटायचं दमतात. परवा त्यांच्या ऑफिसातला एक जुना सोबती भेटायला आला. तो म्हणाला, त्या यंत्रांच्या खोलीत पंख्यांचा एवढा घोंगाट असतो की आठ तास माणूस ओरडूनच बोलतो आणि बाहेर पडल्यावरही आवाज खाली येत नाही. पप्पांनी त्याला सांगितलं होतं, "घरात दोन लहान पोरं आहेत, बिनआईची. त्यांना वाटेल बाप ओरडतोय." म्हणून ते पायरीवर बसून स्वतःशी हळू बोलायचा सराव करायचे. आवाज घरात नेण्याजोगा झाला की मग वर. वीस वर्षं, रोज! त्यांनी आपल्यावर कधी आवाज चढवला नाही याचं आपल्याला कौतुकही नव्हतं. बाप असेच असतात असं समजून आपण मोठे झालो.

आता जे सांगायचं ते. पप्पांचं यंत्र सगळ्या वेळा नोंदवून ठेवतं: कोण कधी जोडला गेला, उपासना कधी सुरू झाली. मी मास्तरीण, आकडे दिसले की मला राहवत नाही. पूर्वी उपासना साडेदहाच्या ठोक्याला सुरू व्हायची. सहा वर्षांपूर्वीपासून दहा तेहतीस, दहा पस्तीस, एकदा दहा एकोणचाळीस. पाळकसाहेबांना सुरुवातीची खूण पप्पाच करायचे, मागून हिरवा दिवा लावून. म्हातारे झाले, हात मंद झाला, असं सगळे म्हणायचे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या एल्डरांच्या सभेत चेष्टाही व्हायची, पप्पा स्वतः एल्डर असून. पप्पा हसून घ्यायचे.

मी दोन रकाने शेजारी शेजारी लिहिले. पप्पा डेस्कवर असलेल्या प्रत्येक रविवारी हिरवा दिवा तुझा नंबर उजळल्यानंतर लागलाय. एकही रविवार चुकलेला नाही.

एका रविवारी तर तू दहा चोपन्नला आलास. त्या दिवसाची मला आठवण आहे, कारण माइक बिघडला होता. पप्पा पेचकस घेऊन डेस्कखाली शिरले ते वर येईचनात. मंडळीने चार जादा गीतं म्हटली, पाचव्याला पेटीवाल्याची बोटं दुखायला लागली. मग एकदम माइक सुरू झाला.

काल पाळकसाहेब आले तेव्हा मी त्यांना ते रकाने दाखवले. त्यांनी बोट फिरवत ते शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाले, "त्या सोमवारी सकाळी तुझे पप्पा माझ्या दारात उभे. म्हणाले, काल माइक बिघडला नव्हता, मी खोटं वागलो, क्षमा मागायला आलोय. मी विचारलं, का हो? तर म्हणाले, पोरगा यायचा होता."

मी त्यांना विचारलं, मग पप्पांनी त्याला एकदाही फोन का केला नाही? नंबर तर समोर होता.

"मीही विचारलं होतं. ते म्हणाले, आमच्या खात्यात नियम आहे, चालू लाइनला हात लावायचा नाही."

सहा वर्षं, टिल्लू. खोटं ज्याच्या तोंडून कधी निघालं नाही तो माणूस तुझ्यासाठी चोवीस मिनिटं डेस्कखाली लपून बसला. त्या रविवारी तुझ्याकडे काय झालं होतं? मुलगी झाली होती का?

आणखी एक. पाळकसाहेबांनी चरित्रासाठी मला एल्डरांच्या सभेचं जुनं नोंदवहीचं बाड वाचायला दिलंय. त्यात अकरा वर्षांपूर्वीची ती सभा आहे. तुझ्या बरोबरीच्या सगळ्यांनी मंडळीपुढे उभं राहून विश्वासाची कबुली दिली आणि तू पाळकसाहेबांना सरळ सांगितलंस की माझा विश्वास नाही, मी उभा राहणार नाही. तपकिरी कोटवाल्या एल्डरनी त्या सभेत प्रश्न काढला: एल्डरचं स्वतःचं घर आधी नीट हवं, नाहीतर त्याने पद सोडावं. तुला वाटतं पप्पांनी पदासाठी तुला खोटी कबुली द्यायला सांगितली. वहीत तसं नाही. वहीत लिहिलंय की पप्पा उठले, म्हणाले, "माझा मुलगा खरं बोलला. खोटं बोलून आत बसण्यापेक्षा खरं बोलून बाहेर उभा राहिलेला मला चालेल," आणि तिथल्या तिथे पद परत केलं. तीन वर्षांनी त्याच तपकिरी कोटवाल्यांनी त्यांना हात जोडून परत बोलावलं, हेही आहे.

हे मी आत्ता वाचलं आणि तुला कळवतेय.

ताई


सोमवार, १७ मार्च

टिल्लू,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ खोटी आहे. मला ते अकरा वर्षांपासून माहीत होतं.

आज शाळेला सुट्टी घेतली आहे. हे एका बैठकीत लिहिलं नाही तर माझ्याच्याने पुन्हा होणार नाही.

त्या दिवशी सभा चालू असताना मी चर्चच्या व्हरांड्यात खुर्च्या लावत होते. तपकिरी कोटवाल्यांचं बोलणं मला ऐकू आलं. ज्या माणसाने आपल्यासाठी दुसरं लग्न केलं नाही, ज्याने घर आणि चर्च सोडून तिसरं काही पाहिलं नाही, त्याला हे लोक भर सभेत पायउतार हो म्हणतायत! मी पुढचं ऐकायला थांबले नाही. थांबले असते तर दोन मिनिटांत पप्पा काय बोलले ते ऐकलं असतं. मी तडक घरी आले. तू खोलीत बॅगेची चेन दुरुस्त करत होतास.

मी म्हणाले, "पप्पांनी निरोप दिलाय. एकदा पुढे उभा राहा, हो म्हण, मग तुला काय करायचं ते कर. त्यांच्यासाठी एवढं कर."

तू पकड खाली ठेवलीस. म्हणालास, "पप्पा असं म्हणाले? खोटं बोल म्हणाले?"

मी म्हणाले, "हो."

पप्पांनी कसलाही निरोप दिला नव्हता. मला वाटलं, तू एक शब्द बोलशील, सगळं थंड होईल आणि कुणाला काही कळणारही नाही. पप्पांचं नाव घेतलं की तू ऐकतोस हे मला माहीत होतं, त्याचाच मी वापर केला. तिसऱ्या दिवशी पप्पा ड्यूटीवर असताना तू निघून गेलास. पप्पांनी पद सोडल्याचं मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. तू अजून घरात होतास, दार लावून, पप्पांशीही बोलत नव्हतास. दोन पूर्ण दिवस माझ्या हातात होते आणि मी तुझ्या दारावर टकटक केली नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. पप्पांना कळेल याची मला भीती वाटत होती. पप्पा रागावले असते म्हणून नाही. ते रागावले नसते, आणि तेच मला सहन झालं नसतं.

पुढे रोज वाटायचं, आज सांगू. मग महिना गेला, वर्ष गेलं, आणि त्याची सवय झाली.

गेल्या महिन्यात दवाखान्यात, ते जायच्या तीन आठवडे आधी, मी सांगितलं. सकाळची वेळ होती, नर्स नुकतीच चादर बदलून गेली होती. मी खुर्ची ओढली आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. त्यांनी नाकावरची ऑक्सिजनची नळी जरा सरळ केली.

म्हणाले, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"तो गेला त्या दिवसापासून."

तू टेबलावर चिठ्ठी ठेवली होतीस म्हणे. मी ती कधी पाहिली नाही, त्यांनी घरात शिरताच उचलून खिशात टाकली होती. त्यात एवढंच होतं: पप्पा, तुम्ही मला खोटं बोलायला सांगाल असं वाटलं नव्हतं. ते वाचून त्यांनी विचार केला, मी तर काही सांगितलं नाही, मग माझ्या नावाने कुणी सांगितलं? घरात तिसरं माणूस एकच होतं.

मी म्हणाले, "पप्पा, मग तुम्ही त्याला एक पत्र टाकून खरं का नाही सांगितलं? अकरा वर्षं तुम्ही हे अंगावर का घेतलं?"

त्यांना दम लागत होता. थांबत थांबत बोलले. "तो माझ्यावर रागावलाय, चालेल. माझ्यावरचा राग माझ्याबरोबर जाईल. तुझ्यावरचा राहिला असता. मग माझ्यामागे तुला भाऊ कुठला, आणि त्याला ताई कुठली?"

मला रडूही येईना. ज्या माणसाला मी अकरा वर्षं फसवत होते, तो रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा पीत होता, माझ्या स्कूटरची हवा तपासत होता, माझ्या वह्यांचे गठ्ठे जिन्यावरून वर आणून देत होता, आणि त्याला सगळं माहीत होतं. एकदा तरी शब्दात, नजरेत काही यायला हवं होतं की नाही? मी आठवून आठवून पाहिलं. काहीही नाही. एवढं मोठं माणूस आपल्या त्या दोन खोल्यांत कसं मावत होतं, टिल्लू? मी अडतीस वर्षांची झाले, मुलांना अनंत म्हणजे काय ते फळ्यावर शिकवते, आणि ते माझ्यासमोर बनियनवर बसून चष्मा पुसत होतं.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "त्याला सांगू नकोस." मी हो म्हटलं.

तो शब्द मी आज मोडतेय. त्यांनी तुला माझ्यासाठी राखून ठेवलं होतं, आणि हे पत्र टाकलं की तू जाशील, हे मला दिसतंय. पण चरित्राची दोन पानं माझ्याने पुरी होत नाहीत. दोनशे लोकांना मी पप्पांविषयी खरं सांगणार, आणि ज्याने सहा वर्षं लांबून कान लावला त्या एकट्याच्या मनात ते खोटं बोलायला लावणारे म्हणून राहणार, हे मला मान्य नाही. त्यांचा हिशेब त्यांच्या दृष्टीने बरोबर असेल, पण त्यात त्यांनी स्वतःला धरलंच नव्हतं.

आणि तू! बापाने आपल्याला खोटं बोलायला सांगितलं असं समजूनही तू दर रविवारी फोन लावत होतास. तुझा विश्वासही नाही. मग कशाला लावत होतास रे? मला उत्तर नको, मला फक्त नवल वाटतंय की ते गेले तरी त्यांच्यासारखं आणखी एक माणूस शिल्लक आहे.

आता राग कुणावर करायचा ते तुला कळलंय. माझा पत्ता तोच आहे.

ताई


शनिवार, ५ एप्रिल

टिल्लू,

दोन रविवार तुझा नंबर उजळला नाही. मी दोन्ही वेळा साडेदहाला हिरवा दिवा लावला. थांबायचा मला काय अधिकार? "गुडघे"बाईंनी मात्र फोन करून विचारलं, "काय गं, तब्येत बरी आहे ना? एकदम वेळेवर?"

काल तुझं पत्र आलं. मी ते शाळेच्या स्टाफरूममध्ये उभ्याने वाचलं, आणि शास्त्राच्या बाईंनी मला खुर्चीत बसवलं. अकरा वर्षांनी पत्र लिहिलंस आणि मोजून तीन ओळी: "ताई, मला तुझा एवढा राग आलाय की पत्रात मावत नाही. पप्पांवर रागवायचं तर त्यांनी आता उपाय ठेवला नाही. बारा तारखेला पोचतोय, तिघंही, समोरासमोर भांडायला."

ये. मी एकही शब्द उलट बोलणार नाही असं म्हणाले असते, पण माझं तोंड तुला ठाऊक आहे.

तुमची खोली झाडून ठेवली आहे. भाचीला काय खायला आवडतं, आणि तिला काय हाक मारायची, ते निघण्याआधी कळव. चरित्राचं दुसरं पान मी कोरं ठेवलंय, ते तू लिहायचंस आणि चर्चमध्ये तूच वाचायचंस. विश्वास असो नसो, बाप तर तुझाच होता. स्टेशनवर मी येतेच आहे.

रजा किती दिवसांची काढलीस ते मात्र लिहिलं नाहीस. अकरा वर्षांचं भांडण आहे, दोन-चार दिवसांत उरकणार नाही.

तुझी,
ताई